सौंदडीवरचा लाल पट्टा

माझ्या वरिष्ठांनी दसऱ्याला शमी समजून वेड्या बाभळीची पूजा केली, तेव्हा मी त्यांच्या शेजारी हात जोडून उभी होते आणि एक शब्दही बोलले नाही. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बाईने गप्प राहावं असा तो प्रसंग नव्हता. पण पांडवांनी शस्त्रं शमीवर लपवली होती, आणि माझं शस्त्र त्या संध्याकाळी शारजातल्या अल मजाज भागात, त्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या घरी, चुकीच्या फांदीच्या रूपाने, माझ्यासमोर चौरंगावर ठेवलेलं होतं.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीत मी मंदीच्या जेमतेम सहा महिने आधी रुजू झाले. मंदी आली आणि आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन ज्या कोनात होत्या त्याच कोनात थांबल्या. वीस माणसांच्या कचेरीत आम्ही सात उरलो. एकच काम हातात राहिलं : शारजाच्या पलीकडे, वाळूतल्या एका विस्तीर्ण जमिनीवरच्या झाडांचं सर्वेक्षण. मालकाला तिथली मेस्कीटची झाडं काढून टाकायची होती आणि गाफची राखायची होती. गाफ तोडायला तिथे बंदी आहे.

गाफ म्हणजे आपली शमी. आमच्या सोलापूरकडे तिला सौंदड म्हणतात. मेस्कीट म्हणजे वेडी बाभूळ. दोघी चुलत बहिणींसारख्या दिसतात, आणि त्या जमिनीवर तर एकमेकींच्या फांद्यांत फांद्या घालून वाढल्या होत्या. फरक जवळ गेल्याशिवाय कळत नाही. वेडीचे काटे मोठे, पेरावर जोडीने येणारे; सौंदडीचे बारीक, दोन पेरांच्या मधल्या भागात विखुरलेले. चार महिने मी झाडाझाडापाशी जाऊन हे काटे बघितले, हातावर त्यांचे ओरखडे वागवले, आणि प्रत्येक झाडाची नोंद केली.

माझ्याबरोबर मातीचे आणि मुळांचे नमुने घेणारी एक मेक्सिकन तंत्रज्ञ होती. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, रुंद हातांची, आणि मला उगीचच ‘डॉक्टोरा’ म्हणणारी. पहिल्याच दिवशी तिने वाळूतली एक पिवळी शेंग उचलली, फुंकर मारली आणि चघळायला लागली.

“अगं, आमच्याकडे हे शेळ्या खातात,” मी म्हणाले.

“मग समज, तुझ्या गाडीत शेळी बसली आहे. माझ्या आजीच्या घरी याचं पीठ वर्षभर पुरायचं. तुम्ही काय म्हणता या झाडाला?”

“वेडी बाभूळ.”

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. “वेडी! आणि आम्हाला रानटी. झाड आणि माणसं, दोघांना शेजाऱ्यांनीच नावं ठेवली.”

तिची आजी चिचिमेका होती. हा शब्द मी तोपर्यंत ऐकला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत, गाडीच्या सावलीत बसून, तिने मला तो समजावला. मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या कोरड्या पठारावर शिकार करत, शेंगा आणि निवडुंगाची फळं गोळा करत हिंडणाऱ्या अनेक जमाती होत्या. दक्षिणेच्या शहरी लोकांनी त्या सगळ्यांना एकच शब्द लावला, चिचिमेका, आणि त्या शब्दात तुच्छता भरली. मौज अशी की त्याच शहरांतले राजे आपण चिचिमेकांचे वंशज असल्याची फुशारकी मारत. शिवी आणि वंशावळ एकाच शब्दात.

मग स्पॅनिश आले आणि त्या पठारावर चांदी सापडली. चांदीच्या खाणींकडे जाणारा रस्ता चिचिमेकांच्या जमिनीतून गेला, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे चाळीस वर्षं युद्ध चाललं.

“चाळीस वर्षं? बंदुकांसमोर बाणांनी?” मला त्यामागची पद्धत समजून घ्यायची होती.

“आम्ही मोकळ्या मैदानात लढलोच नाही, डॉक्टोरा. खिंडीत बसायचं. गाड्यांचा तांडा पुरता आत येऊ द्यायचा. आणि पहिला बाण शिपायाला नाही, खेचराला. खेचरं उधळली की शिपाई स्वतःच्याच ओझ्यात अडकतो.” तिच्या लोकांपैकी एक जमात डोकी लाल रंगवायची, त्यावरूनच तिचं नाव पडलं होतं. काचेसारख्या काळ्या दगडाची टोकं लावलेले त्यांचे बाण चिलखताच्या कड्यांतून आत शिरायचे.

“आणि तुमच्या आज्या-पणज्या तेव्हा काय करायच्या?”

“शेंगा दळायच्या. युद्ध पोटावर चालतं. खाणीच्या भट्ट्यांना कोळसा हवा म्हणून त्यांनी आमची ही झाडं तोडली ना, ते आम्हाला बंदुकीच्या गोळीपेक्षा जास्त लागलं.”

मी हे सगळं माझ्या वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवलं. पुढच्या पानांवर झाडं होती, मागच्या पानांवर चिचिमेका.

अहवाल तयार झाला. माझ्यासाठी तो साधा कचेरीतला कागद नव्हता. मला पीएचडीसाठी बाहेरच्या विद्यापीठांत अर्ज करायचे होते, आणि स्वतंत्रपणे केलेलं असं हे एकच काम माझ्यापाशी होतं. छापून आलेली प्रत मी उघडली. पहिल्या पानावर एकच नाव होतं, आमच्या सरांचं. सर त्या जमिनीवर एकदाच आले होते, आणि गाडीतून उतरले नव्हते.

सर पुण्याचे. मराठी माणसाने मराठी माणसाला सांभाळावं, हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या घरी दर शुक्रवारी मला जेवायला बोलावणं असे, आणि काकू डबाही भरून देत. त्यामुळे मी सरळ केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं.

“अगं बाळा, नाव कोणाचं आहे याला काय महत्त्व? टीमवर्क असतं हे,” ते म्हणाले. “आणि बस जरा. तुझं नाव वेगळ्या यादीत आलंय. खरंच माझ्या हातात नाही गं. मंदी आहे.”

ती यादी कमी करायच्या माणसांची होती. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा, हा नियम तिथे सगळ्यांना तोंडपाठ असतो. मी काही बोलायच्या आत सरांनी दुसरा कागद पुढे सरकवला. झाडांची ओळख नेमकी कोणी पटवली याचं लेखी पत्र जमिनीच्या मालकाला हवं होतं. कागदावर असं होतं की सर्व झाडांची ओळख सरांनी स्वतः, जागेवर जाऊन पटवली. माझं काम फक्त उंची आणि घेर मोजण्याचं. मी सही केली तर वर्षअखेरपर्यंत नोकरी राहील, शिवाय ते मला उत्तम शिफारसपत्र देतील.

“विचार कर. दसऱ्याला ये घरी, तेव्हा दे. सोन्यासारखा दिवस.”

त्या संध्याकाळी मी तो कागद मेक्सिकन मैत्रिणीला दाखवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “घोंगडी आली.”

“काय?”

“युद्ध कसं संपलं ते मी तुला सांगितलंच नाही. बंदुकीने आम्ही हरलो नाही. मग त्यांनी शिपाई मागे घेतले आणि कोठारं उघडली. मका, गुरं, कापड, घोंगड्या, अवजारं. दर वर्षी, फुकट. अट एकच : डोंगरावरून खाली या, एका जागी राहा. आम्ही खाली आलो. आज माझ्या आजीची भाषा एका वस्तीत उरली आहे, आणि मला त्यातल्या फक्त शिव्या येतात.” तिने कागद माझ्या हातात दिला. “घोंगडी घेऊ नकोस, डॉक्टोरा.”

मी नकार द्यायच्याच तयारीने अल मजाजला गेले. कागद सहीविनाच पर्समध्ये होता. दारात तोरण, आत दहा-बारा माणसं, श्रीखंडाचा वास. चौरंगावर पाटी, लॅपटॉप आणि सरांच्या गाडीची किल्ली पूजेला मांडली होती, आणि मधोमध एक हिरवी फांदी.

“आपट्याची पानं मुंबईहून मागवली,” सर पाहुण्यांना सांगत होते, “पण शमी मात्र इथलीच. साइटवरून स्वतः तोडून आणली. लोकांना माहीतच नाही की इथली गाफ म्हणजे आपली शमी. आमच्या अहवालात आहे हे सगळं.”

मी फांदीकडे पाहिलं. मोठे काटे, पेरावर, जोडीने.

तो क्षण मला आजही प्रयोगशाळेतल्या क्षणासारखा स्वच्छ आठवतो. ज्या माणसाला ही दोन झाडं ओळखता येत नाहीत, तो पुढच्या आठवड्यात त्या जमिनीवर जाऊन तोडायच्या झाडांवर लाल पट्टे मारणार होता. अहवालात प्रत्येक झाडाचे अक्षांश-रेखांश होते, पण आमच्या हातातलं यंत्र पाच-सहा पावलं इकडेतिकडे चुकायचं, आणि तेवढ्या अंतरात दोन्ही जातींच्या फांद्या गुंतलेल्या. तो चुकणार हे निश्चित होतं. उरला प्रश्न, चूक कोणाच्या नावावर पडेल. त्याचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं.

“सर,” मी म्हणाले, “सही करते. मला एक प्रत लागेल.”

“वा! शहाणी मुलगी,” सर म्हणाले आणि माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. काकूंनी मला श्रीखंड जास्त वाढलं. मी ते सगळं खाल्लं.

मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तोडणीच्या सकाळी मी साइटवर गेले. सरांनी आदल्या दिवशी झाडं रंगवून घेतली होती. मी रांगेतून चालत गेले आणि मोजत गेले. लाल पट्टा असलेल्या सौंदडी अकरा भरल्या. मालकाकडचा अधिकारी, एक वयस्कर अमिराती गृहस्थ, आठला येणार होता. साडेआठ झाले तरी त्याचा पत्ता नव्हता. सर टोपी घालून सावलीत उभे होते.

“यल्ला, सुरू करा,” त्यांनी हाक दिली.

करवत हातात घेतलेला माणूस मंगळवेढ्याकडचा होता. चार महिन्यांत माझी त्याची ओळख झाली होती. तो पहिल्या झाडापाशी थांबला. वर बघितलं, काट्यावर बोट फिरवलं, आणि माझ्याकडे आला.

“ताई, ही सौंदड हाय वो. वेडी न्हाई. आमच्या बांधावर हाय की.”

मी एवढंच म्हणायला हवं होतं : हो, सौंदड आहे. पण अधिकारी आला नव्हता. मी आत्ता बोलले असते तर सरांनी कपाळावर हात मारून पट्टे पुसून घेतले असते आणि संध्याकाळी स्वतःच्या दक्षतेचं पत्र पाठवलं असतं. तांडा अजून खिंडीत पुरता शिरला नव्हता.

“सरांना विचारा,” मी म्हणाले. “झाडं त्यांनी ओळखली आहेत.”

तो गेला. “सायेब, ही सौंदड वाटतीया. दसऱ्याला पुजत्यात ती.”

“तुला काय कळतंय रे? लाल पट्टा आहे ना? मग काप.”

 मग त्याने झाडाच्या पाया पडून करवत लावली. जुनं झाड होतं. पडायला वेळ लागला, आणि तो सगळा वेळ मी तिथेच उभी होते.

अधिकाऱ्याची गाडी दहा-पंधरा मिनिटांनी आली. तो उतरला, आडव्या खोडाकडे चालत गेला, एक डहाळी मोडून नाकाशी धरली. रागाने बोलला नाही. आखाती हिंदीत, सावकाश बोलला.

“ये गाफ है. मेरे बाप का ऊंट इसका पत्ता खाता था. कौन बोला काटो?”

सरांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांनी जे केलं त्याची मी कल्पना केली नव्हती. चार महिन्यांच्या कामाचं जे श्रेय त्यांनी नाकारलं होतं ते एका वाक्यात मला देऊन टाकलं. माझ्याकडे बोट करून म्हणाले, “सर्वे इसने किया है, सर. पूरा काम इसका है. मैंने तो सिर्फ साइन किया.”

माझं नाव. साक्षीदारांसमोर, मोठ्याने. मी हो म्हणाले असते तर ते काम माझं झालं असतं, आणि पडलेलं झाडही.

मी पर्समधून प्रत काढली आणि अधिकाऱ्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि करवतवाल्याला म्हणाला, “खलास. बंद करो.”

सर माझ्याजवळ आले. “अगं, काय केलंस हे? तुला माहीत होतं?”

“सर, मी फक्त उंची आणि घेर मोजला,” मी म्हणाले. “याची उंची आता मोजायला सोपी आहे.”

ते वाक्य मी दसऱ्यापासून घोळवत होते, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. महिन्याभरात सर पुण्याला परतले. काकूंनी जाण्यापूर्वी फोन करून मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्यांचा हक्क होता. माझी नोकरी वर्षअखेरपर्यंत राहिली. उरलेल्या दहा सौंदडींवरचे पट्टे मी स्वतः घासून काढले. करवतवाला बादली धरून मदतीला होता, पण त्याने मला पुन्हा ताई म्हटलं नाही.

पीएचडीचे अर्ज भरताना मी त्या कामाच्या रकान्यापाशी थांबले. झाडांची ओळख मी पटवलेली नाही, असं माझ्याच सहीचं पत्र शारजातल्या एका फाइलमध्ये आहे. ज्या कागदाने मी त्यांना पाडलं, त्यानेच माझं नाव त्या जमिनीवरून पुसलं. रकाना मी कोरा सोडला.

निघण्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीने मला वेडीच्या शेंगांच्या पिठाची वडी करून आणून दिली. करड्या रंगाची, खरखरीत, गोड.

“भट्टीसाठी त्यांनी आमची झाडं तोडली तेव्हा त्यांना चांदी तरी मिळाली,” ती म्हणाली. “तुला काय मिळालं, डॉक्टोरा?”

“ते गेले,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिला ते उत्तर पटलं की नाही, मला कळलं नाही. मी वडीचा घास घेतला. आत एक अख्खी बी राहून गेली होती, ती दाताखाली आली. मी ती थुंकून टाकली नाही, चावत राहिले.