भंगारातलं विमान आणि वैमानिक जावई

आमच्या घरातलं विमान उडावं म्हणून सगळं घर वर्षभर राबत होतं, आणि ते उडू नये म्हणून त्याच घरात मी एकटा राबत होतो.

त्याचं असं झालं. सत्तरच्या दशकात मी पुण्यात एका फ्लाइंग क्लबच्या कचेरीत टायपिंग करायचो. विमानाशी माझा संबंध खिडकीतून दिसण्यापुरता! पण शालनला बघायला कोल्हापुरात, शाहूपुरीत गेलो, आणि चहाचा कप पुढं करता करता तिनं विचारलं, "तुमी सोता इमान चालवता?" आता अशा डोळ्यांनी विचारल्यावर 'मी बिलं टाइप करतो' असं कोण म्हणेल? (म्हणणारे असतीलही. त्यांची लग्नं उशिरा होतात.) मी ठोकून दिलं, "चालवतो की! लग्न झाल्यावर तुम्हालाही फिरवीन."

लग्न झालं. सासऱ्यांची, म्हणजे आमच्या मामांची, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, फौंड्री होती. त्यांनी मला तिथंच मॅनेजर करून ठेवून घेतलं. मनात म्हटलं, सुटलो! फौंड्रीत विमान कुठून येणार?

ते ट्रकमधून आलं.

मामा लष्कराच्या लिलावात भंगार आणायला गेले होते, ते महायुद्धाच्या काळातलं दोन माणसांचं शिकाऊ विमान घेऊन परतले. पंख सुटे, त्यांवरचं कापड उंदरांनी खाल्लेलं आणि इंजिनात चिमणीचं घरटं!

"वितळवायचं ना?" मी आशेनं विचारलं.

"वितळवायचं? घरात इमान चालवणारा जावई असताना? ह्ये उडवायचं, जावईबापू! तुमी आन् शालन, सगळ्या कोल्हापुरावरनं एक फेरी!"

शालननं तासाभरात गल्लीभर बातमी केली. चार वर्षं ती त्या फेरीची वाट बघत होती, आणि एकदाही तिनं मला टोमणा मारला नव्हता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, भांडणात तरी खरं बाहेर आलं असतं. आता मला तिच्याकडं बघायचीही लाज वाटायला लागली.

फौंड्रीतले बाबालाल मिस्त्री म्हणजे उसाला पाणी पाजणाऱ्या इंजिनांचे धन्वंतरी. त्यांनी महिन्याभरात विमानाचं इंजिन सुरू केलं! गल्लीनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि वाजवता वाजवताच युक्ती सुचली. आमच्या कोल्हापूरकरांना नाजूक वस्तू सहन होत नाही. मी फक्त काडी टाकायची.

"मिस्त्री, चाकं जरा बारकी नाहीत का?"

"व्हय की वो! सायकलीची वाटत्यात." दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाकं बसली.

"आणि पंखांना नुसतं कापड?"

"ह्येला काय अर्थ हाय? कावळ्यानं चोच मारली म्हंजे?"

झालं! ताडपत्री आली, तिच्यावर पत्रा आला, आतल्या बारक्या पट्ट्या जाऊन सागवानी वासे आले. मामांनी स्वतःच्या हातानं दोन बिडाच्या खुर्च्या ओतल्या ("बसल्यावर बसल्यागत वाटाय पायजे!"). समोर ट्रकचा भोंगा लागला. कुणीतरी विचारलं, भोंगा कशाला? मामा म्हणाले, "वाटंत घार आली तर?" सगळे खूश होते, आणि सगळ्यांत खूश मी!

गावाबाहेरच्या धावपट्टीवर चाचणी ठरली. मी ऐटीत बसलो, मिस्त्रींनी दाखवलेली दांडी पुढं सारली. विमान भोंगा वाजवत, धूळ उडवत पट्टीच्या टोकापर्यंत गेलं आणि दमून उभं राहिलं. मी उतरलो, तोंड पाडून म्हणालो, "आज वारा नाही."

तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढं आले. मुरगूडचे जाधवसाहेब. हवाई दलात विमान चालवायला शिकवायचे, आता निवृत्त होऊन म्हशी पाळत होते. त्यांनी खुर्चीवर बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "ह्येचं वजन केलंय का?"

वजन करायला विमानाचे पंख सोडून ट्रॉलीत टाकले आणि सगळी वरात कसबा बावड्याला साखर कारखान्याच्या काट्यावर नेली. ऊसगाड्यांच्या रांगेत चार तास! काटेवाल्यानं मान वर न करता विचारलं, "ऊस कुणाचा?"

"ऊस न्हाय, इमान हाय," मामा म्हणाले.

"आसू दे. ऊस कसला? आडसाली का खोडवा?"

वजनाची चिठ्ठी वाचून जाधवसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अवो, तुमी विमानाचा रणगाडा केलाय!" मामांनी स्तुती समजून हात जोडले.

मग साहेबांनी सगळं उतरवलं आणि मूळ होतं तसं करायला घेतलं. हलकं लाकूड, पातळ कापड. पंखांचं कापड शालननं स्वतः शिवलं, बोटांना सुया टोचून घेत. विमान खात्याच्या मोठ्या कचेरीतून तपासणीचे साहेब आले, सगळं ठोकून-वाकवून बघितलं आणि शिक्का मारून गेले. माझ्याकडं आता सुचवायलाच काही उरलं नाही.

तो दिवस उगवला. अख्खी गल्ली धावपट्टीवर. पुढच्या खुर्चीत शालन, पदर खोचून, डोळ्यांवर चष्मा चढवून. चालवणाऱ्याची मागची खुर्ची रिकामी. जाधवसाहेब म्हणाले, "चला, पायलट!"

एकटा असतो तर थाप निभवायला वर गेलो असतो आणि मेलोही असतो, एवढा मी मूर्ख होतो. पण पुढं शालन होती.

"शालन, मला येत नाही," मी म्हणालो. "कधीच येत नव्हतं. मी तिथं बिलं टाइप करायचो."

"आरं तिच्या मायला!" मामा खालीच बसले. बाबालाल मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

शालननं चष्मा वर सारला. "आदी का न्हाय सांगिटलं?"

"तू लग्नाला नाही म्हणाली असतीस."

"मी माणूस बगून व्हय म्हटलं हुतं. इमान कुठं बगितलं हुतं तवा?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं चष्मा पुन्हा खाली ओढला आणि जाधवसाहेबांकडं वळली. "काका, तुमी बसा मागं. माजी फेरी ऱ्हायलीया!"

आणि विमान उडालं हो! चिमणीसारखं वर गेलं, वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं. वरून शालन पदर हलवत होती. मी मान मागं टाकून बघत राहिलो, विमान गोल फिरलं, मीही त्याच्याबरोबर गोल फिरलो, आणि पोटातलं सगळं बाहेर काढून मिस्त्रींच्या अंगावर आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा शालन पदरानं वारा घालत होती. एक म्हातारे पावणे मामांना विचारत होते, "काय झालं वो ह्यास्नी?"

"काय न्हाय. जावयास्नी इमान लागलं."

"आगाई! लई उंच गेलते काय?"

मामांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, आणि अतिशय प्रामाणिकपणे सांगितलं,

"पायातल्या चपलंएवढं!"