चादरीखालचा फ्रिज

सुधीर गेल्याचा फोन सकाळी आला. भेटायला गेलो तेव्हा सुनंदावहिनी म्हणाल्या, "भावजी, शोकसभेत तुम्ही बोला. ह्यांनी कधी खोटं दाखवलं नाही, एवढंच सांगा. तुम्ही सांगितलंत तर लोक मानतील." मी हो म्हटलं. पण नेमकं तेवढंच मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं…

सुधीर वाशीतला माझा शेजारी. सरकारी वाहिनीसाठी माहितीपट करायचा. मिठागरातले मजूर, कचरा वेचणाऱ्या बायका असे विषय. माझी नोकरी हिशेबतपासणीची, म्हणून प्रत्येक माहितीपट आधी मला दाखवायचा. दार उघडतानाच ओरडायचा, "आला आमचा ऑडिटर!" आकडे त्याचे बहुतेक बरोबर असत. शंका आली ती एका दृश्यामुळे. उरणकडच्या एका खाडीत भराव पडला, मासेमारी बसली, त्यावरचा माहितीपट होता. यमुनाबाई नावाची कोळीण दारात बसून बोलत होती आणि मागे कोपऱ्यात, चादर पांघरलेलं काहीतरी उंच उभं होतं.

"सुधीर, तो फ्रिज आहे ना?"

"तू टीव्ही बघतोस की धाड घालतोस?"

"तू झाकलास?"

"मी नाही झाकला."

"मग कोणी?"

"चहा निवतोय, घे."

त्याने विषय बदलला तिथेच माझा संशय पक्का झाला. गरिबी उठून दिसावी म्हणून यानेच चादर टाकली असणार. पुढे त्याचं काहीही बघताना हे मनात यायचंच. अनवाणी पोर दिसलं की वाटे, चपला कोणी काढायला लावल्या? म्हातारा डोळे पुसू लागला की वाटे, हे कितव्यांदा पुसतोय? सुधीरला ते कळत असणार. तरी दाखवायला बोलवायचा.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये होती. मागच्या रांगेत यमुनाबाई दिसल्या. माझ्या बोलण्याला अजून वेळ होता. त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सरळ विचारलं.

"फ्रिज? तो आमीच झाकला, दादा," त्या म्हणाल्या. "मासली मिलत नाय, भरपाई द्या असं बोलाचं, नि पाठीमागं फ्रिज? साहेब बोलतील, यांना काय कमी हाय?"

"सुधीर काही बोलला नाही?"

"बोलला ना. चादर काढा, बोलला. पोरांचा बापूस अडून बसला. मंग सुधीरभाऊ बोलला, ऱ्हाऊ दे. पन मी कॅमेरा हलवनार नाय. दिसला तर दिसला."

कॅमेरा जरा सरकवला असता तर तो कोपरा गेला असता, हे मलाही कळत होतं. त्याने मला सांगितलं नाही, कारण ही गोष्ट फुटली असती तर त्या घराची भरपाई अडकली असती. असं मी आता धरून चाललोय. गेलेल्या माणसाची बाजू यमुनाबाई सावरून घेत असतील, हेही मनात आलंच.

माइकपाशी गेलो आणि म्हणालो, "सुधीर कॅमेरा हलवत नसे." आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला बोलवेना.

"एवढंच?" वहिनींनी नंतर विचारलं.

"वहिनी, तेवढ्याचीच मला खात्री आहे."

हल्ली टीव्हीवर असं काही लागलं की बायको बोलणाऱ्याचा चेहरा बघते. मी मागची भिंत बघत बसतो. ही सवय सुधीरमुळे लागलेली… समोर माणूस रडत असतो, आणि मी शोधत असतो की दाखवणाऱ्याने कोपऱ्यात काय राहू दिलंय.