पाओ-चू आत्याचा पातळ पडदा

पाओ-चू आत्या गेलेल्या माणसांचे चेहरे नीट करते. घरातलं कुणी गेलं की एक फोटो लागतो. समोरून काढलेला, मोठा, आधी शवपेटीपुढे फुलांत ठेवायचा आणि नंतर कायमचा भिंतीवर टांगायचा. असा फोटो ऐनवेळी कुणाकडेच नसतो. लोक आणतात काय, तर लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा, नाहीतर ओळखपत्रावरचा, ज्यात भला माणूससुद्धा पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतो. आत्या त्या घोळक्यातून चेहरा सोडवते, मिटलेला डोळा उघडते, अंगावर चांगला कोट चढवते. आजोबांच्या स्टुडिओत ती आधी निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकली, मग तोच हात कॉम्प्युटरवर आला. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "दिवसभर लोकांची तोंडंच बघते. संध्याकाळी घरात आणखी एक कशाला?"

तिची एक रीत होती. शेवटचा हात फिरवताना घरच्या सगळ्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यापुढच्या बाकावर एका ओळीत बसवायचं. सगळ्यांनी माना हलवल्या की मगच छापायचं. "एकाला जरी वाटलं ना, की ही माझी आई नाही," ती म्हणायची, "तर ती बाई त्या घरात जन्मभर परकी म्हणून टांगलेली राहते."

त्या शनिवारी लू घराण्याची तीन भावंडं आली. त्यांची आई बाजाराच्या कोपऱ्यावर पहाटेपासून माशाची पेज विकायची. अर्ध्या ताइनान शहरानं तिच्या हातची पेज खाल्ली असेल. थोरले दादा तैपेईला असतात आणि स्टेशनवरच्या घोषणेसारखं बोलतात, एकेक शब्द सुटा करून. ताईचं प्रत्येक वाक्य शेवटी जिना चढतं आणि वरच राहतं. धाकटा आ-थू आईबरोबर गाडीवर उभा असायचा. तो फक्त "हं" म्हणतो, पण त्याच्या "हं"च्या चार तऱ्हा आहेत.

"आई. गोरी. होती," दादा म्हणाले.

"गोरी? तू घर सोडलंस त्याला किती वर्षं झाली? आगीपुढे कुणी गोरं राहतं?"

"हं," आ-थू म्हणाला. ही तिसरी तऱ्हा. म्हणजे झालं सुरू यांचं.

आत्यानं मध्ये तोंड घातलं नाही. गालावर किंचित लाली वाढवली, कपाळावरचा उजेड उतरवला. तिघं हळूहळू पुढे झुकले. ताईचा हात तोंडावर गेला. आणि तेवढ्यात आमचा जुना पडदा, धुण्याच्या यंत्राएवढं पोट असलेला, कित्येक महिने कानशिलात दिल्याशिवाय न उजळणारा, "टक्" असा वाजला. आईचा चेहरा वरून-खालून दबून एक पांढरी रेघ झाला. रेघेचा ठिपका झाला. ठिपका विझला.

"आई रागावली!" ताई किंचाळली.

"याचा अर्थ. आईला. मान्य नाही."

"पडदा गेलाय," आत्या म्हणाली. "तुमची आई आधीच गेलीय. आता हेही तिच्यावर नका ढकलू. चेहरा आत शाबूत आहे. सोमवारी या."

"बुधवारी. विधी. आहे," दादा म्हणाले. "सोमवारी एकमत झालं नाही. तर ओळखपत्रावरचाच फोटो. मोठा करून घेईन."

ते गेल्यावर आत्यानं पडद्याच्या पाठीवर हात ठेवला. अजून ऊब होती. "आता हलवणार होते गं माना," ती मला म्हणाली. "अगदी हलवणारच होते."

रविवारी सकाळी आम्ही दोघी पेइमन रस्त्यावर, चुआंगच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. भिंतभर पातळ पडदे, आणि प्रत्येकावर तोच एक पोपट.

"या मावशी या, पातळ घ्या पातळ, जागा वाचते, वीज वाचते, डोळे वाचतात, हा पोपट बघा, पीस न् पीस मोजून घ्या!" चुआंग श्वास कुठे घेतो ते मला कळेना.

"पोपटाचे नातेवाईक येत नाहीत माझ्याकडे. चेहरा दाखव."

तिनं पिशवीतून सीडी काढून दिली. चुआंगनं ती लावली, आणि पोपटाच्या जागी एक बाई आली. राखाडी-निळी मागची भिंत, काळा कोट, गळ्यात मोत्यांची माळ. असा फोटो गेलेल्या माणसाचाच, हे आमच्याकडे पोरंसुद्धा ओळखतात. चुआंगचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"मावशी! अजून बोहणी व्हायचीय माझी! परक्या घरची गेलेली बाई दुकानात आणलीत?"

"कोण आहे ते नीट बघ आधी."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे. "तुम्ही?"

"मीच. माझ्यामागे माझा चेहरा नीट करणारं कोण आहे? म्हणून करून ठेवलाय. आणि गेलेली म्हणशील, तर आत्ता वाटीभर शेवया खाऊन आलेय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "लूबाईंना आणता आलं असतं. पण त्यांना इथं पोपटांच्या रांगेत उभं करायचं?"

चुआंगनं खुर्च्या आणल्या. आत्या मधे बसली, मी डावीकडे, आणि चुआंग उजवीकडे खाली उकिडवा. मधून पाहिलं तर आत्या आत्यासारखी होती. माझ्या बाजूनं ती काविळीतून उठल्यासारखी पिवळट दिसत होती.

"इथून तर मावशी तुम्ही अगदी काळ्या..." चुआंग म्हणाला आणि उरलेलं गिळलं.

आत्या उठली. माझ्या जागी बसून बघितलं. खाली चुआंगच्या जागी, गुडघे धरत, बसून बघितलं. स्वतःचाच शेवटचा चेहरा, एकदा पिवळा, एकदा काळा. 

"म्हणजे तिघांना तीन आया दिसणार," ती म्हणाली.

चुआंगनं पहिल्यांदा श्वास घेतला. "मावशी, तुमच्याशी खोटं नाही बोलत. पातळ पडदे असेच, समोरूनच बघायचे. रंग न हलणारा एक आहे, तो तिकडे. पण त्याच्या किमतीत हे चार येतात. आणि जुने पोटवाले आता येतच नाहीत."

आत्या त्या महागड्यापुढे बराच वेळ बसली. तिथं ती तिन्ही बाजूंनी एकच होती. मग उठली, पहिल्याच पडद्यापाशी आली, आणि त्याच्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्यात खरी जागा एकच आहे," ती म्हणाली. "तर मग एकेकालाच बसवू. बांध हा."

घरी येताना तिनं एकदाच विचारलं, "एकट्यानं बघून तिघांनी तीन वेगळ्या आया मागितल्या तर गं?"  

सोमवारी पडद्यापुढे एकच खुर्ची होती. दोघांना बाहेर ओट्यावर बसवून आत्यानं आधी दादांना आत घेतलं. मी मागच्या मोरीत फोटोचे ट्रे धूत होते.  मग एक आवाज आला, सलग, हळू, आणि तो दादांचा आहे हे कळायला मला वेळ लागला. "गालावर इथं थोडं लाल करता का? गाडीवरून परत यायची तेव्हा असायची तेवढी."

मग ताई. तिची वाक्यं चढत नव्हती, पायरीवरच बसत होती. "गळ्याचं बटण लावा ना. पहाटे थंडी वाजायची तिला. सांगितलं तरी लावायची नाही."

मग आ-थू. त्यानं "हं"सुद्धा म्हटलं नाही.

"काय हवंय?" आत्यानं विचारलं.

"डाग होता. इथं, भुवईखाली. तेलाचा. तुम्ही काढलात."

"डाग सगळ्यांचेच काढते मी."

"तो परत द्या. लहान होतो, कढई ओढली होती. माझ्यामुळे पडलेला आहे तो."

आत्यानं मूळ फोटो उघडला, आणि घेवड्याच्या दाण्याएवढा तो डाग भुवईखाली परत बसवला. रंग जुळेपर्यंत आ-थू खुर्चीतून हलला नाही.

मग तिनं छापलं. कागदाला बाजू नसते, कुठूनही बघा. फोटो टेबलावर ठेवून तिनं तिघांना बोलावलं आणि हात मागे बांधून भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मी मोरीतला नळ बंद केला.

"हा डाग..." ताई म्हणाली. मग तिनं आ-थूकडे पाहिलं. दादा चष्मा काढून वाकले. खूप जवळून बघितलं. लाल गाल, लावलेलं बटण, डाग.

"आई आहे," ते म्हणाले आणि मान हलवली. मग ताईनं. शेवटी आ-थूनं. आत्यानं कुणाकडेही न बघता फोटो चौकटीत बसवून मागचे खिळे वाकवले.

बाहेर कडक ऊन होतं. गेलेल्या माणसाचा फोटो उघड्या आभाळाखाली नेत नाहीत, म्हणून ताईनं काळी छत्री उघडली. दादांनी चौकट छातीशी धरली.

"ताई, जरा इकडे घे," आ-थू म्हणाला. "खांदा उन्हात येतोय तिचा."

"आणि तुझं डोकं रे?"

"राहू दे. तिच्यावर धर."