बस म्हटल्यावर

कर्जतहून पळसदरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका रिसॉर्टवर मी हत्तिणीची अक्कल तपासायला जात असे. हत्तींची बुद्धी हा माझ्या अभ्यासाचा विषय. मालकाला रिसॉर्टची जाहिरात हवी होती, मला हत्तीण हवी होती, म्हणून जमलं. तिचं तिथलं काम एकच. गुडघे टेकून बसायचं, पाहुणे पाठीवर चढले की फोटो होईपर्यंत त्यांना मिरवायचं.

माझी परीक्षा साधी होती. ती ज्या चटईवर उभी असे त्याच चटईला बांधलेला दांडका तिनं मला उचलून द्यायचा. चटईवर पाय असेपर्यंत तो उचलला जात नाही. आपलंच अंग आड येतंय हे तिला उमगावं लागतं. तिनं थोडा वेळ ओढून पाहिला, मग चटईवरून खाली उतरली आणि दांडका माझ्या हातात ठेवला. मी आनंदानं ओरडलेच.

"अक्कल लय हाय, ताई," तिचा माहूत म्हणाला. "पण माजलीय. बस म्हटलं तर बसत नाय."

जुना माहूत बिहारचा. गावी गेला तो परतलाच नाही. हा नवा माणूस माथेरानला घोडे धरायचा, तिथून थेट हत्तीवर आला. त्यानं मला लगेच दाखवलंच. "बस!" हत्तीण जागच्या जागी थांबली, सोंड खाली सोडून उभी राहिली. "बघितलंत?" म्हणत त्यानं अंकुश तिच्या कानामागे खुपसला. रक्त गळ्यापर्यंत ओघळलं. मग काठी पायाच्या नखांवर, घोट्यावर, पुन्हा नखांवर. ती नुसती थरथरत राहिली. तो अंकुश हिसकावून त्याच्याच कानामागे टोचावासा मला वाटला. खोटं कशाला सांगू, अजूनही वाटतो.

मालकाकडे गेले. तो म्हणाला, "रविवारी इथं मोठं लग्न आहे. त्या दिवशी बसली नाही, तर चारही पाय बांधून उपाशी ठेवू. मग येईल सरळ. की पूजा करू तिची?"

शनिवारी माळी पाइपनं हौद भरत होता. हौद भरला तसं मी त्याला म्हटलं, "बस, बस." हत्तीण माझ्या मागे गवत खात होती. तोंडाकडे नेलेली पेंढी तिनं तशीच खाली सोडली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आता मार बसणार म्हणून.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जुन्या माहुताच्या हिंदीत बस म्हणजे पुरे, थांब. मी हळूच म्हणून पाहिलं, "बैठ." तिनं गुडघे टेकले. म्हणजे ती रोज सांगितलेलं ऐकत होती, आणि ऐकल्याबद्दलच मार खात होती.

मी माहुताला आणि मालकाला बोलावलं, त्यांच्यासमोर तिला पुन्हा बसवून दाखवलं. माहुताचं तोंड कडू झालं. "आमी कशाला हिंदी बोलायची? र्‍हाती इथं, मराठीतच बसंल." नाचता येईना, अंगण वाकडं! मालक हसला. "शिकू दे की मराठी. हुशार आहे म्हणता ना तुम्ही?"

रविवारी मांडवासमोर नवरानवरी हार घालून खोळंबले होते. माहूत ओरडला, "बस!" ती थांबली. लोक हसले. तो चिडला आणि त्यानं अंकुश फिरवला. या वेळी टोक तिच्या डोळ्यात गेलं.

तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. सोंडेच्या एका फटक्यात तो खडीवर आपटला, आणि तिनं कपाळ त्याच्या छातीवर टेकून दाबायला सुरुवात केली. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. खुर्च्या उलथल्या, बायका मुलांना उचलून पळाल्या. खालून तोच ओरडला, "बस! बस गं! बस!"

तिनं कपाळ उचललं. एक पाऊल मागे सरली, सोंड खाली सोडून उभी राहिली. फुटलेल्या डोळ्यातून रक्त गालावर येत होतं. खाली तो कण्हत होता, आणि तिनं उरलेला डोळा घट्ट मिटून घेतला.