दोन गेट, एक नंबर

आमच्या ऑफिसात किस्से लक्षात ठेवावे लागत नाहीत. डबे उघडले की कुणीतरी "त्या दिवशी..." म्हणतं, आणि सगळे माझ्याकडे बघून आधीच हसत सुटतात!

मी लातूरची, नोकरी नांदेडात. टायरच्या दुकानावरचं आमचं ऑफिस मोंढ्यांसाठी, म्हणजे धान्यबाजारांसाठी, टोकन मशीन बनवतं. ट्रॅक्टर गेटवर आला, बटण दाबलं, नंबर मिळाला, त्या नंबरानं वजन. मशीनमधले प्रोसेसर जुने, आमची सिस्टिम लायब्ररी, म्हणजे मशीन चालवणारा तयार कोड, नवी. दोघांचं जमवून देणं हे माझं काम. धर्माबादकडच्या एका मोंढ्याच्या सचिवांनी बजावलं होतं, "सीझनच्या आत जमलं तर ठीक, न्हाई तर मशीन भंगारात!"

म्हणजे मशीनमागोमाग माझी नोकरीही.

* * *

पहिल्याच दिवशी नवी लायब्ररी जुन्या बोर्डावर चढवली. बोर्ड असा कर्कश बीप करून बंद पडला, की मी किंचाळले आणि हातातला चहा शेजारच्या नव्याकोऱ्या बोर्डावर!

आमचे मालक कदम सर शांतपणे म्हणाले, "जुन्यावर सांडायचा ना, पोरी! प्रश्नच मिटला असता!"

* * *

सचिव एकदा ऑफिसात आले. "अडलंय कुठं नेमकं?"

मी "अ‍ॅटॉमिक ऑपरेशन" म्हणत अडखळले. सरांनी सूत्रं हातात घेतली. "निलंग्याच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकता ना? जागा रिकामी दिसणं आणि रुमाल पडणं, यांच्या मधे दुसऱ्याचा रुमाल पडला की भांडण! दोन गेटांवर एकदम बटण दाबलं, की नंबराचंही तसंच! नवा प्रोसेसर बघतो अन् टाकतो एका दमात. जुन्याला ते जमत न्हाई."

"म्हणून जुन्याला कंडक्टर देऊन राहिलो," इरफान म्हणाला. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा, देगलूरचा. "त्यालाच लॉक म्हणतो आपण. एकाचं होईस्तोवर दुसऱ्यानं थांबायचं."

सचिव म्हणाले, "एसटीतला कंडक्टर तरी कुठं ऐकतो कुणाचं!"

* * *

मी घाबरत घाबरत लॉक लिहिलं. पण दोन गेटांना दोन वेगळी लॉकं! म्हणजे एकाच बसला दोन कंडक्टर. मोंढ्यात चाचणी लावली, तर तिथून फोन आला. माधवराव आणि व्यंकटराव, दोन गेटांवरचे दोन शेतकरी, दोघांच्या हातात एकच नंबर.

"आमचा नंबर हाय!"

"न्हाई, आमचा!"

फोन स्पीकरवर होता. मी नखं खात ऐकत होते. भांडण नंबरावरून गावावर गेलं, गावावरून पाहुण्यारावळ्यांवर, आणि मग अचानक आवाज खाली आला. "तुमची पोरगी काय शिकली म्हणले?"

मी इथूनच मशीन रीस्टार्ट करायला हात घातला, तर सरांनी मनगट धरलं. "थांब! बोलणी चालू हायत!"

* * *

मग दोन्ही गेटांना एकच लॉक दिलं. आता मशीन अधूनमधून गपगार! कारण काही सापडेना.

ऑफिसात जुना बोर्ड एकच, म्हणून नियम होता: लाल हेल्मेट ज्याच्या डोक्यावर, त्यानंच बोर्डाला हात लावायचा. एके दुपारी हेल्मेटच गायब. सगळे हात बांधून बसलो. इरफान केळी आणायला ते घालून गाडीवर अर्धापूरला गेला होता!

सर फोनवर ओरडले, "अरे, लॉक घेऊन कुठं हिंडून राहिलास?"

मी ताडकन उठले. माझा कोडही हेच करत होता! टोकनचा कागद संपला, की लॉक न सोडताच बाहेर!

* * *

सीझनचा पहिला दिवस. मी एका गेटवर, इरफान दुसऱ्यावर. एकदमच बटणं दाबली. नंबर वेगळे! पुन्हा दाबली. वेगळेच! सचिवांनी मान डोलावली. "ऱ्हाऊ द्या मशीन."

मी उडी मारणार, तेवढ्यात मागून कुणीतरी असं गरजलं, की माझ्या हातातलं टोकनच उडालं. माधवराव आणि व्यंकटराव, खांद्याला खांदा लावून, हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, बिघडलं की तुमचं मशीन!"

"का हो?"

"आमी आता व्याही झालोत, अन् हे आमाला दोन नंबर देऊन राहिलं!"