वईच्या नोंदी

संगमेश्वरपासून आत, डोंगराच्या उतारावर विमलाकाकूंचं घर. मागच्या परड्यापासून खालच्या वहाळाच्या पाण्यापर्यंत त्यांची वई होती. करवंद, निरगुडी, मधूनमधून रुई अशी झाडांची दाट कुंपणरांग. काकू चौथी शिकलेल्या. पण त्यांची एकुलती लेक मृणाली रत्नागिरीला प्राणिशास्त्र शिकत होती, आणि कीटकांच्या दोन उन्हाळ्यांच्या अभ्यासासाठी तिने घरचीच वई निवडली. चैत्र लागल्यापासून दर रविवारी सकाळी दोघी वईच्या कडेने निघायच्या.

"आई, ही कोण?"

"कुंभारीण माशी. फांदीवर मातीचं मडकं घालते नि आत अळी कोंडून ठेवते, पोरांच्या खाण्याला."

मृणाली वहीत शास्त्रीय नाव लिहायची, खाली आईने सांगितलेलं.

गेल्या पावसाळ्यात लावणीनंतर मृणालीला ताप आला. शेतातल्या पाण्यातून होणारा उंदीरताप आहे हे कळेपर्यंत चार दिवस गेले. आठव्या दिवशी ती गेली. बावीस वर्षांची होती.

फाल्गुनात तिचे सर वही परत द्यायला आले. "एका उन्हाळ्याच्या नोंदी आहेत," ते म्हणाले. "दुसऱ्या उन्हाळ्याच्याही असत्या, तर तिच्या नावाने छापलं असतं."

"मी केल्या तर चालतील?" काकूंनी विचारलं. सरांनी वही त्यांच्याच हातात ठेवली.

चैत्राच्या पहिल्या रविवारी रुईच्या पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली. कडवा नावाच्या फुलपाखराची; मृणालीनेच कधीतरी दाखवली होती. काकूंनी वाकड्यातिकड्या अक्षरात ती लिहिली आणि त्या तिथेच बसून रडल्या. चार रविवारांत एकोणीस नावं झाली.

मग दोन दिवस त्या भाचीच्या लग्नाला देवरुखला गेल्या. परतल्या तर वई नव्हती. दिराने, बाळाने, मशीन लावून ती उपटून काढली होती. सिमेंटचे खांब उभे होते.

"वयनी, डुकरं शिरतात. तार मारून घेतो. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून विचारलं नाही."

काकूंनी त्याच्यापुढे वही धरली. पुतणीचं अक्षर बाळाने ओळखलं. "मला म्हायत नव्हतं," तो म्हणाला. काकू त्याला रागावल्या नाहीत. तेवढं बळच उरलं नव्हतं.

काकूंनी सरांना फोन लावून सगळं सांगितलं. "अर्ध्या नोंदींवर छापता नाही येणार, काकू."

"बरं," काकू म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्या खांबांच्या कडेने वहाळापर्यंत चालत गेल्या. तारीख घातली आणि खाली लिहिलं: 'वई तोडली. काय दिसलं नाय.'