अडतिसाव्या मजल्याबाहेरची नोकरी

मी पोलिसातून निवृत्त झाल्यापासून लोक मोठ्या गुन्ह्यांविषयी विचारतात. मला मात्र आधी आठवतो तो लोणावळ्यातल्या एका बंगल्यातल्या चोरीचा तपास. त्यात एक निरपराध माणूस माझ्या हातून आत जाता जाता राहिला.

बंगला पुण्याच्या एका डॉक्टरबाईंचा. रविवारी दुपारी त्या, त्यांचे यजमान, वृद्ध आई आणि भाचा असे चौघे खाली असताना वरच्या मजल्यावरच्या कपाटातून आईंच्या पाटल्या आणि मोहनमाळ गेली. पंचनाम्याला गेलो तर मागच्या गॅलरीच्या कठड्याला नायलॉनचा दोर बांधून खाली सोडलेला. चोर उघड्या दारातून वर गेला आणि दोराने उतरून पळाला, असे मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली. जवळच्या औंढे गावचा एक जण मुंबईहून सुट्टीवर आला आहे, ऑफिसात नोकरी असल्याचे सांगतो, पण त्याच्या पिशवीत दोर, लोखंडी कड्या आणि हातमोजे आहेत. त्याला चौकशीला आणले. वय बत्तीस, अंगाने काटक. मागोमाग म्हातारे वडीलही आले आणि बाकावर बसून राहिले.

"काय काम करतोस?"

"ऑफिसात हाय, साहेब."

"कुठल्या?"

"एका बिल्डिंगीत लय ऑफिसं हायेत."

"हात दाखव. पेन धरून असे घट्टे पडतात?"

त्याने मुठी मिटल्या. नोकरीविषयी खोटे बोलणारा बाकीचेही खोटेच बोलतो, असा माझा अनुभव होता. मी आवाज चढवला. त्याने बाकाकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, "आबांना जरा बाहेर न्या, मग सांगतो."

हवालदार वडिलांना चहाला घेऊन गेले.

"मी काचा पुसतो, साहेब. बिल्डिंगीच्या बाहेरून, दोराला लटकून. अडतीस मजले."

"मग यात लपवण्यासारखं काय आहे?"

"थोरला भाऊ कड्यावरनं पडून गेला. तवापासनं आई मला माळ्यावरबी चढू देत न्हाई."

त्याच्या सुपरवायझरला फोन लावला. नोकरी खरी निघाली. पण त्यामुळे तो सुटत नव्हता, उलट जास्तच अडकत होता. दोरावरून उतरणारा एवढा तयार माणूस तालुक्यात दुसरा कोण? शिवाय रविवारी दुपारी तो शेतात एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी त्याला बंगल्यावर नेले. माझा अंदाज होता, घाबरेल. तो गॅलरीत उकिडवा बसला, गाठ न्याहाळली, कठड्यावरून वाकून खाली पाहिले आणि म्हणाला, "साहेब, ह्या दोरावरनं कुणी उतरलंच न्हाई."

"कशावरून?"

"ही गाठ वजन पडलं की सरकती. ही जागची हललेली न्हाई. आन् भिंतीवरचं शेवाळ बघा. माणूस उतरला की पाय घासत्यात. हितं एक ओरखडा न्हाई."

शेवाळ हिरवेगार, अखंड होते. पंचनाम्यात मी दोराची लांबी लिहिली होती, रंगही लिहिला होता. भिंत मात्र पाहिली नव्हती. हवालदारांसमोर मान खाली गेली, पण मनातून बरे वाटले.

म्हणजे दोर आतल्याच कोणीतरी बांधला होता. मी चौघांचे जबाब पुन्हा घेतले. भाचा सॉफ्टवेअर कंपनीत असल्याचे पहिल्या जबाबात होते. मी सहज विचारले, "ऑफिसला फोन लावून खात्री करू ना?"

त्याचा चेहरा पडला. "नको सर. सहा महिने झाले, नोकरी गेलीय. घरी माहीत नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसतो."

त्याच्या गाडीची झडती घेतली, तर दागिने स्टेपनीखाली मिळाले. पुढे कायद्याने व्हायचे ते झाले. एकाने असलेली नोकरी लपवली होती, दुसऱ्याने गेलेली.

औंढ्याच्या त्या माणसाला गावासमोर जीपमधून नेले होते, म्हणून परत सोडायला मी स्वतः गेलो. लोक जमले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "यांच्यामुळे चोर सापडला." मग त्याने स्वतःच आईला खरे काय ते सांगितले. म्हातारीने त्याचे तळहात उलटून घट्टे पाहिले. मग म्हणाली, "एवढ्या वर लटकतोस, तर दुपारचं जेवतोस कुटं?"

"खाली येऊन, आई. जेवाय खाली सोडत्यात."

"आन् दोर तुटला तर?"

"दोन असत्यात. एक गेला तर दुसरा धरतो."

आबांनी त्याच्या पिशवीतला दोर मागून घेतला, ओढून पाहिला आणि मान डोलावली. त्याच्या आईने मला चहा घेतल्याशिवाय उठू दिले नाही.

मोठ्या शहरात माणसे पोटासाठी काय काय करतात, याची यादी कुठल्या पोलीस ठाण्यात नसते. लपवाछपवी दिसली की त्यामागे गुन्हा शोधायची आम्हाला सवय, आणि ती वाईटही नाही. पण त्यानंतर नोकरी सांगताना अडखळणारा कोणी समोर आला की आवाज चढवण्याआधी मी विचारू लागलो, "हे कोणाला कळू नये असं वाटतंय तुला?"

बऱ्याचदा उत्तर यायचे, "आईला."